मामांचा पहिला नंबर

चढाओढ करायला समोर कुणी नसेल तर आमचे धाकटे मामा आजारी पडतील, असं माझं लहानपणापासूनचं ठाम मत आहे. बेळगावात वडगावच्या एका बोळात त्यांचे दोन माग, आणि बरोबर समोरच्या घरात दुसऱ्या एका विणकराचे दोन. त्या गृहस्थांना नाव होतं, पण मामांनी ते कधी उच्चारलं नाही. ते कायम ‘समोरचा’. सुट्टीत मी खानापूरहून मामांकडे राहायला जायची, तेव्हा पहाटे जाग यायची ती मागांच्या खटखटीनं. समोरचा माग आधी वाजला, की मामांचा दिवस वाया गेला म्हणून समजावं. चहा निवलेला लागायचा, आंघोळीचं पाणी गार वाटायचं आणि सगळी चूक मामीची असायची. समोरच्यानं दाराला निळा रंग दिला, की आठवड्याच्या आत मामांचं दार त्याहून निळं. समोरच्याला हिवताप आला तेव्हा मामा मला अभिमानानं म्हणाले होते, “त्याला नुसता थंडीताप गं. मला टायफाईड झालता!” मामी तर उघड सांगायची, “आमचं लगीन बी ह्यांनी समोरच्याच्या आधी व्हावं म्हणून उरकलं. मला धड बघितलं बी न्हाय.” सणाला दोन्ही घरांतून ताटं मात्र बिनचूक जायची-यायची, आणि तीही कुणाची पोळी मोठी याच ईर्षेनं. काय दिवस होते ते! त्या बोळात शांतता अशी कधी ऐकूच आली नाही.

पुढे गिऱ्हाईक आटलं. बोळातले माग एकेक करून बंद पडले. समोरच्यांनीही आपले माग मोडीत काढले आणि ते पुण्याला मुलाकडे गेले. मामांचाही एकच माग उरला आणि त्याच्यावर भंगारवाल्याचा डोळा होता. मी आता बेळगावातच कॉम्प्युटरचं काम करते, म्हणून मीच म्हटलं, साड्यांची एक छोटीशी वेबसाइट काढू. त्यातून साड्या खपल्या तर माग ठेवायचा, नाही तर भंगारवाल्याला हो म्हणायचं, असं ठरलं.

आता लोक इंटरनेटवर शोधताना जे शब्द टाकतात, त्यातले कुठले आपण धरायचे यावर सगळा खेळ. मामा लगेच म्हणाले, “साडी धर.”

“मामा, त्या शब्दावर मोठमोठी दुकानं ठाण मांडून बसलीत. आपण कुणाला दिसणारच नाही.”

“असूंदे की! कुस्ती मोठ्याशीच करायची.”

लहान साइटनं गर्दी कमी असलेला शब्द धरावा, शोधणारा बघ्या नसून घेणारा असावा, हे मी परोपरीनं समजावलं. “म्हंजे रिकाम्या आखाड्यात शड्डू ठोकायचा? आपल्याला न्हाय जमायचं,” म्हणून मामा उठूनच गेले. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच शब्द घेऊन हजर. तरुणपणी ते निपाणीला बिड्या वळणाऱ्या बायकांना साड्या विकायला जायचे. तिथली सगळी पुंजी त्यांनी बाहेर काढली: “जावेपेक्षा भारी साडी”, “नणंद जळंल अशी साडी”, “सासूला द्यायची, पर लई महाग नको.” मी पोट धरून हसले. तपासून सांगितलं, की असं कुणीच टाकत नाही. मामा म्हणाले, “मनात तर म्हणत्यात की!”

मग एके दिवशी मी मामांच्या मागावरच्या साडीचंच नाव, ‘बारीक चौकड्याची शहापुरी नऊवारी’, टाकून बघितलं आणि खुर्चीतच उडाले.

“मामा, सापडला! शोधणारे थोडे आहेत, पण घेणारे आहेत. आणि स्पर्धा शून्य! शोधणाऱ्याला दिसणाऱ्या यादीत आपण सहज पहिले येऊ.”

“शून्य म्हंजे?”

“म्हणजे ही साडी विकायला दुसरं कुणीच नाही.”

मामा समोरच्या कुलूप लावलेल्या दाराकडे बघत राहिले. “कुनीच न्हाय? अगं, आख्ख्या बोळात हीच साडी निघत हुती. समोरचा तर माझ्यापेक्षा बारीक चौकडा काढायचा.”

हे वाक्य मामांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

आम्ही पहिले आलो. साड्यांना मागणी येऊ लागली, भंगारवाला हात हलवत परत गेला. कामावर जाताना मी मामांकडे डोकावायची, तेव्हा ते विचारायचे, “कितवे आलो?” मी म्हणायची, “पहिले.” “हं,” एवढंच. चेहऱ्यावर काही नाही. शेवटी एकदा नजर चुकवत म्हणाले, “समोरच्याचं बी एक पान काढ की. फोन तू कर, मी न्हाय बोलत. त्याला माझ्या खाली ठेव. पर लई लांब नको.”

मी पुण्याला फोन केला. विकायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. पण त्यांनी आपल्या साड्यांचे जुने फोटो पाठवले, आपण चौकडा कसा काढायचो ते भरभरून सांगितलं आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, “वर कोन हाय, आन् खाली कोन?”

पान निघालं. लोक ते वाचू लागले, एकमेकांना पाठवू लागले. आणि एका सकाळी समोरच्यांचं पान आमच्या वर जाऊन बसलेलं दिसलं. मामांना कसं सांगायचं, मला कळेना.

“कितवे आलो?”

“दुसरे.”

मामांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला, चष्मा वर सरकवून डोळ्यांशी धरला. “वर गेलास व्हय रं!” म्हणाले. तोंडभर हसत होते, डोळे पुसत होते. मामीनं आणलेला चहा तसाच ठेवून ते मागाकडे पळाले. बोळात तो एकच माग वाजत होता. पण मधूनच तो थांबवून मामा समोरच्या दाराकडे कान देत होते.