खर्जकाकांची जाड तार
दूध वर येण्याच्या बेतात, सूनबाईचे हात पिठात, आणि नेमकी तेव्हाच दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारा माणूस इमारतीत एकच, वरच्या मजल्यावरचे खर्जकाका.

सूनबाईनं कसाबसा गॅस बंद केला, सासूबाईंनी दार उघडलं. काकांच्या गळ्यात बेस गिटार, हातात छोटा स्पीकर.

"काय भावोजी, सकाळी सकाळी मैफल?"

"चेष्टा नको वहिनी. सूनबाईचे कान हवेत जरा."

काकांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि संध्याकाळी वाद्यवृंदात बेस वाजवला. बेसला चारच तारा, त्याही जाड. गाण्याच्या तळाशी घुमत राहायचं हे तिचं काम. आहे तोवर कुणाचं लक्ष नाही आणि थांबली की गाणं पोकळ. काकी होत्या तेव्हा तालमीत मागच्या रांगेत बसायच्या. खर्ज नीट पोचला की मान हलवायच्या, की काका निर्धास्त.

"सगळ्यात जाड तार मला हल्ली ऐकूच येत नाही," काका खुर्चीवर टेकत म्हणाले. "बाकीच्या तिन्ही खणखणीत. म्हणजे कान चालले माझे. आज तालमीला जाऊन सांगून टाकतो, दुसरा माणूस बघा म्हणून. म्हटलं, त्याआधी कुणीतरी ऐकावं."

"तार बदलून बघितली?"

"बदलली. हे पिकपही वर घेतलं त्या बाजूनं." तारांखालच्या काळ्या पट्टीवर त्यांनी बोट ठेवलं. तिच्यातल्या चुंबकामुळे तारेची थरथर स्पीकरपर्यंत जाते. "पट्टी तारेच्या जवळ गेली की आवाज वाढतो. स्क्रू ढिला केला की ती वर येते. केला, तरी ढिम्म. मग उरलं काय? कान."

सूनबाईनं हात पुसले आणि फडताळाकडे बघितलं. तिथल्या मोठ्या डब्याचं झाकण जरा सैल होतं. वर काका जाड तारेवर आले की ते खणखणायचं आणि सासूबाई छताकडे बघून काकांचा उद्धार करायच्या. पण हल्ली बऱ्याच दिवसांत तो उद्धार ऐकला नव्हता.

"आई, झाकण कधीपासून वाजत नाही?"

"अगो बाई, खरंच की! मला वाटलं, भावोजी शहाणे झाले."

"काका, डब्याला काही कान नाहीत, मग त्याचं झाकण का थांबलं?" सूनबाई म्हणाली. "स्पीकर बंद करून वाजवा बघू."

नुसत्या लाकडावर चारही तारा सारख्या घुमल्या. स्पीकर लावला, तशी जाड तार पुन्हा दबली. मग तिनं डोळा गिटारीच्या पातळीला नेला. स्क्रूचं डोकं चांगलं वर आलेलं आणि पट्टी मात्र त्या बाजूनं खालीच बसलेली.

"स्क्रू वर आलाय. पट्टी नाही आली."

काका वाकून बघतच राहिले. तारा सैल करून, स्क्रू काढून त्यांनी पट्टी हलकेच उचलली. तिला वर ढकलणारा स्पंज तळाशी पापडासारखा चपटा झाला होता.

सासूबाईंना हसू आवरेना. "बटण दाबलं म्हणजे लिफ्ट आली असं समजू नका, आधी बघा, असं बजावत फिरायचात ना इमारतभर?"

"मारा टोमणे, आज तुमचा दिवस आहे," काका म्हणाले. पण चेहरा उजळला होता.

भांडी घासायच्या नव्या स्पंजाचा तुकडा सूनबाईनं कापून दिला. तो जरा जाडच झाला. पट्टी बसवून तारा पुन्हा लावल्या, तर ती तारेच्या इतकी जवळ गेली की चुंबक तारेला ओढू लागला, सूर गढुळला. काकांनी स्क्रू थोडा आवळला, वाजवून बघितलं, पुन्हा आवळला. मग चारही तारांवरून बोटं सावकाश फिरवली आणि शेवटी जाड तारेवर आले.

फडताळावर झाकण खणखणलं.

सासूबाई उद्धार करायचंही विसरल्या. काकांनी तीच तार पुन्हा छेडली, पुन्हा झाकणाकडे बघितलं.

"म्हणजे जायचं तालमीला," सूनबाई म्हणाली.

"जायचं." गिटार उचलून काका दारापर्यंत गेले आणि थबकले. "पण कान कधीतरी जाणारच, पोरी. आता मागच्या रांगेत मान हलवायला कुणी नाही. झाकण वाजायचं थांबलं, तर वर येऊन मला सांगशील?"