पोटगीच्या रकान्यातलं घर

फ्लॉपी यंत्रात घालण्याआधी सिस्टर तिला नखाने दोन टिचक्या मारायच्या. इंजेक्शनच्या काचेच्या कुपीला नर्सबाई मारतात तशा. मी हसलो की म्हणायच्या, "सवय हाय रं मास्तर. औषध खाली बसतं." मग फ्लॉपी आत सरकवून खटका फिरवायच्या आणि पडद्याकडे बघत पुटपुटायच्या, "दुखणार न्हाई, पर बघू नगं."

हे वाक्य त्या कुठेही वापरायच्या. शेजारणीला दाताच्या डॉक्टरकडे नेताना वापरायच्या, रिक्षावाल्याला भाडं विचारतानाही वापरायच्या. सगळा जन्म सरकारी दवाखान्यांत सुया टोचण्यात गेला होता, त्यामुळे समोरचा माणूस कधीही घाबरून हात ओढून घेईल असं त्यांना वाटत असावं. तुमच्या गावातही अशी एखादी निवृत्त सिस्टर असेल. अख्खी आळी तिला सिस्टर म्हणते आणि खरं नाव फक्त पेन्शनच्या पुस्तकात असतं. यांचं नाव मला माहीत आहे, पण ते घेण्याचा हक्क मी गमावला आहे. कसा, ते सांगण्यासाठीच लिहायला बसलोय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. साताऱ्यात स्टँडच्या मागे औषधाच्या दुकानावर माझ्या दोन खोल्या होत्या. एकीत कॉम्प्युटरचा क्लास, दुसरीत दुरुस्ती. त्या काळात ज्याच्याकडे दोन कॉम्प्युटर तो मास्तर. तसा मीही झालो होतो.

सिस्टरांचा कॉम्प्युटर माझ्या क्लासपेक्षा जुना होता. सांगलीला नोकरीत असताना एका बंद पडलेल्या कंपनीच्या लिलावात त्यांनी तो घेतला. बरोबरीच्या नर्सांनी शिलाई मशिनं घेतली, यांनी हे धूड घेतलं. आधीच्या मालकाने त्यात घरखर्चाचा एक अमेरिकन प्रोग्रॅम ठेवला होता. केसपेपर वाचून वाचून सिस्टरांचं इंग्रजी पक्कं झालेलं. त्यांनी तो प्रोग्रॅम एकटीनेच, कुणालाही न विचारता शिकून घेतला.

त्या प्रोग्रॅमला डॉलरशिवाय दुसरं चलन ठाऊक नव्हतं. त्यामुळे सिस्टर भाजी घेऊन येताना जिन्यातूनच सांगायच्या, "आज मेथी तीन डॉलर. लय म्हाग." खर्चाचे रकानेही अमेरिकेतूनच ठरून आलेले. कुत्र्या-मांजरांचा एक रकाना होता, त्यात त्या भाच्याच्या मोटारसायकलचं पेट्रोल लिहायच्या. घटस्फोटानंतर द्यायच्या पोटगीचाही रकाना होता. तो रिकामाच असल्यामुळे भावाच्या घराला लागलेला सगळा पैसा त्यांनी त्यात लिहिला.

"मी लगीन केलं न्हाई, तरी पोटगी भरतीय," असं म्हणून त्या एवढ्या मोठ्याने हसायच्या की खालचा औषधवाला मान वर करून बघायचा.

त्या पोटगीची गोष्ट अशी. साताऱ्यात जागा घेताना धाकटा भाऊ म्हणाला, "आक्का, तुझी बदलीची नोकरी. सह्या करायला कोण धावणार? माझ्या नावावर ऱ्हाऊ दे." सिस्टरांनी राहू दिलं. मग दहा-अकरा वर्षं पाया, भिंती, स्लॅब, खिडक्या, बोअर असं एकेक करून त्या पैसे हातात आणून देत राहिल्या. बिलं भावाच्या नावाने फाटत होती. यांच्याकडे कागदाचा कपटा नव्हता, होत्या त्या फक्त कॉम्प्युटरमधल्या नोंदी. तारीख, रक्कम आणि पुढे एक ओळ, 'सिमेंट चाळीस पोती, हाती दिले'. त्या नोंदी त्यांनी मला दाखवल्या होत्या. माझ्या डोळ्यांनी मी त्या वाचल्या होत्या, हे लक्षात ठेवा.

निवृत्त होऊन सिस्टर भावाच्या त्या घरात वरच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खिडकीत तुळतुळीत घासलेलं स्टीलचं पातेलं आणि टेबलावर हा कॉम्प्युटर. वर्षभर बरं चाललं. मग भाच्याचं लग्न ठरलं आणि एक दिवस भाचा म्हणाला, "आत्या, वर ऱ्हायला दिलं हा आमच्या मनाचा मोठेपणा हाय. पर आता खोल्या लागतील." सिस्टरांनी घराचा हिशोब काढला, तसा भाऊ म्हणाला, "कागद दाखव. म्हसवडचं मामा रविवारी येत्यात. त्यांच्या म्होरं कागद दाखव, दोन खोल्या तुझ्या नावावर लिहून देतो."

म्हणजे दोन खोल्या त्या नोंदींवर अडल्या होत्या, आणि नोंदी त्या म्हाताऱ्या यंत्रात.

सिस्टर निष्काळजी नव्हत्या. दर शनिवारी त्या फ्लॉपीवर बॅकअप घ्यायच्या. त्याच फ्लॉप्या पुन्हा पुन्हा वापरायच्या, त्यामुळे प्रोग्रॅम दर वेळी विचारायचा, यात आधीच फायली आहेत, पुसून टाकू का? त्या 'वाय', म्हणजे 'हो', दाबायच्या. "जुनी पट्टी सोडल्याबिगार नवी बांदता येत न्हाई," असं त्यांचं त्यावर म्हणणं. पण नोकरीची शेवटची वर्षं महाबळेश्वरच्या दवाखान्यात गेली. तिथल्या पावसातून पापड सुटत नाही, तिथे फ्लॉपी काय टिकणार! तांदळाच्या डब्यात ठेवूनही सगळ्यांवर पांढरे ठिपके आले. साताऱ्यात आल्यावर त्या बुरशीने हळूहळू फ्लॉपी वाचणारा ड्राइव्हही खाल्ला. तो घरघर करायचा आणि काहीच वाचायचा नाही.

सोमवारी सिस्टर माझ्याकडे आल्या. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? त्याच महिन्यात मी कर्ज काढून सीडीवर लिहिणारं यंत्र आणलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते दाखवत होतो. म्हटलं, "सिस्टर, तुमचा सगळा जन्म एका सीडीवर घालून देतो."

त्या म्हणाल्या, "आरं, तुझा प्रिंटरच माज्या घरी आण की. जोडायचा, छापायचं. मामाला सीडी काय कळती?"

एवढं सोपं होतं ते. रिक्षात घालून प्रिंटर नेला असता तर तासाभरात दहा वर्षं कागदावर आली असती. पण प्रिंटर जड होता, मुलांचे प्रोजेक्ट खोळंबले असते आणि मुख्य म्हणजे त्यात माझी हुशारी कुठेच दिसली नसती. मी म्हणालो, "कागद फाटतो. सीडी शंभर वर्षं टिकते. छापू की नंतर, माझ्याकडे." शंभर वर्षांचं मला सीडी विकणाऱ्याने सांगितलं होतं.

बुधवारी दुपारी मी त्यांच्या खोलीत गेलो. नव्या लहान फ्लॉपीचा ड्राइव्ह बसवला. प्रोग्रॅमने तो ओळखलाच नाही. त्याला त्याची जुनी, मोठी फ्लॉपीच हवी, तीही 'ए' नावाच्या ड्राइव्हमध्ये. नुसत्या फायली उचलून नेल्या तर दुसऱ्या यंत्रावर तो त्या उघडत नव्हता, त्याला त्याच्याच पद्धतीचा बॅकअप लागायचा. मग मी माझी युक्ती काढली. जुन्या यंत्रांत एक आज्ञा देता यायची. 'ए' म्हटलं की फ्लॉपीकडे जाऊ नकोस, हार्ड डिस्कवरच जा. प्रोग्रॅमला वाटावं आपण फ्लॉपीवर लिहितोय, आणि प्रत्यक्षात बॅकअप डिस्कवरच तयार व्हावा. मग तो मी बाहेर काढून सीडीवर घालणार होतो. सिस्टर शेजारी बसून माझी बोटं बघत होत्या.

"म्हंजी फसवायचं त्याला?"

"थोडंसं."

पडद्यावर नेहमीचा प्रश्न आला. यात आधीच फायली आहेत, पुसून टाकू का?

मी क्षणभर थांबलो. सिस्टर म्हणाल्या, "त्यो दर बारीला इचारतो. दाब वाय. दुखत न्हाई."

मी दाबलं.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. 'ए' म्हणजे आता फ्लॉपी नव्हती. 'ए' म्हणजे डिस्कवरची तीच जागा, जिथे सगळ्या नोंदी होत्या. प्रोग्रॅमने त्या इमानेइतबारे पुसल्या आणि मग बॅकअप घ्यायला गेला, तर घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. आधी एक साधी नक्कल बाजूला काढून ठेवावी, हे मी पहिल्या दिवशी मुलांना शिकवत असे.

शनिवारपर्यंत मी डिस्क माझ्या सगळ्या हत्यारांनी खरवडली. हाती लागली ती तीन महिन्यांची भाजी. मेथी, वांगी, एक किलो कांदे, सगळं डॉलरमध्ये. घरातली एक वीटही परत मिळाली नाही.

मी सिस्टरांना सांगितलं, "डिस्क गेली. जुनी होती."

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. म्हणाल्या, "मीच दाब म्हणाले रं. तुझा काय दोष." मी मान खाली घातली आणि स्क्रू गोळा करत राहिलो. नाही म्हणालो नाही. मग त्याच म्हणाल्या, "तू बघितलं हाईस. रविवारी येऊन मामाला तेवढंच सांग. तुज्या शब्दाला वजन हाय."

रविवारी मी गेलो. खाली बैठकीच्या खोलीत सतरंजीवर मामा, दोन-चार पाहुणे, भाऊ आणि भाचा बसले होते. सिस्टरांनी सगळ्यांसाठी स्वतः पोहे केले होते. मशीन बिघडलं, नोंदी गेल्या, असं त्यांनी सरळ सांगितलं. माझं बोट त्यात कुठे आणलं नाही.

भाऊ माझ्याकडे वळला. तो ओरडला असता तर कदाचित मी बोललो असतो. पण तो फार अदबीने म्हणाला, "मास्तर, तुमी शिकल्याली मानसं. तुमी डोळ्यानं बगितला का हिशोब? आन् मंग गेला कसा?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं की दुसऱ्याचं द्यावं लागणार होतं. नव्या बॅचचे प्रवेश सुरू होते. साताऱ्यात गोष्ट पसरायला एक चहा पुरतो. बाईंचं आयुष्य पुसणाऱ्या मास्तराकडे कोण पोरं पाठवणार? हे सगळं मी तेवढ्या वेळात मोजलं, आणि म्हणालो, "आम्ही आकडे वाचत नाही हो. आमचं काम फक्त मशीनपुरतं."

मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "आता मशीन बी बोलत न्हाई आन् मास्तर बी बोलत न्हाई. मंग आमी काय बोलावं, पोरी?"

सिस्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बशा गोळा करायला उठल्या. मला आजही त्या बैठकीची लाज वाटते. चूक कुणाच्याही हातून होते, पण तिथे मी पूर्ण शुद्धीत होतो.

महिन्याच्या आत त्यांनी खोल्या सोडल्या. सांगलीला एक जुनी मैत्रीण, तीही निवृत्त नर्स, एका खोलीत राहत होती. तिच्याकडे त्या गेल्या. पुढे तिथेच वारल्या. मला ते कळलं तेही सात-आठ महिन्यांनी, औषधवाल्याकडून.

पण जायच्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या होत्या. दुपारची वेळ होती, क्लास सुटलेला. हातात एक बॅग. खुर्चीवर बसल्या नाहीत.

"मास्तर, मी लय इचार केला. तू त्याला सांगितलंस, फ्लॉपी म्हंजी हितंच. मंग त्यानं हितलंच पुसलं. व्हय का न्हाई?"

"हो," मी म्हणालो.

"तुला कवा कळलं?"

"त्याच दिवशी."

त्यांनी मान हलवली. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पर्स उघडून त्यांनी पन्नासाच्या दोन नोटा टेबलावर ठेवल्या. "तुझी फी. घरी येऊन काम केलंस."

"सिस्टर, नको. खरंच नको."

"घे. फुकट कुणाचं घेतलं न्हाई मी. आन् पावती दे."

मी पावतीपुस्तक काढलं. तारीख घातली, रक्कम घातली. 'कशाबद्दल' या शब्दापुढे येऊन माझं पेन थांबलं. मी वर पाहिलं.

"काय लिहू?"

"जे केलंस त्ये लिही."

मी लिहिलं, 'संगणक दुरुस्ती'. त्यांनी चष्मा लावून वाचलं, पावतीची घडी घातली आणि सांगलीची गाडी धरायला जिना उतरून गेल्या.