पाव, देव आणि माझं लग्न

घरात एकच चर्च असेल तर किस्से रविवारी दुपारपर्यंत विसरले जातात. माझ्या लग्नाच्या बोलणीत दोन चर्च आहेत. सहा महिन्यांत इतके किस्से साठलेत की हसावं की पळून जाऊन रजिस्टर लग्न करावं, कळत नाही!

आम्ही बोरिवलीच्या गावठाणातले कॅथलिक. संदेश मुलुंडचा, प्रोटेस्टंट. त्याचे वडील तिथल्या चर्चचे पाळक. आमच्या मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, भाकर खरोखर ख्रिस्ताचं शरीर बनते. त्यांच्याकडे ती खूण, आठवण. आईने पहिल्याच दिवशी सांगितलं, "ज्यांना माझा देव नुसता पाव वाटतो, त्यांच्या घरात पोरगी देणार नाय गो बाय!"

*

मुलुंडला पहिल्यांदा गेले तेव्हा प्रभुभोजनाचा, म्हणजे त्या आठवणीचा पाव वाटण्याचा, रविवार होता. उपासनेनंतर चहा. संदेशच्या आईने उरलेले पावाचे तुकडे बशीत काढले आणि एक चहात बुडवला! कॉलेजभर 'अर्थ महत्त्वाचा, वस्तू नाही' अशी भाषणं ठोकणारी मी ताडकन उभी राहिले.

"अगं, बस ना," संदेश म्हणाला. "बेकरीचा पाव आहे तो."

"माहितीये!"

"मग?"

मग काय! चहा तसाच ठेवून निघाले.

*

अंधेरीच्या ऑफिसात डबा खाताना मैत्रीण प्राजक्ताला सगळं समजावलं. ती शुद्ध शाकाहारी. शांतपणे ऐकून घेतलं.

"लेंटच्या उपासात शुक्रवारी तुमचं मटण बंद ना गं?"

"हो."

"मग त्या दिवशी ख्रिस्ताचं शरीर कसं चालतं?"

दहा वर्षं धर्मशिक्षण घेतलंय मी. तरी तिला भाजी वाढली आणि विषय बदलला.

*

शेवटी आमच्या चर्चच्या फादरना गाठलं. लग्नात संदेशला कम्युनियन, म्हणजे ती भाकर, मिळेल का?

"सहसा नाही."

"म्हणजे जेवायला बोलवायचं आणि नवऱ्यालाच उपाशी बसवायचं?"

"मिस्सा न ठेवताही लग्न लावता येतं," फादर म्हणाले. "ते सोपं पडेल."

घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "मग हॉलवरच लावा ना डायरेक्ट, बिर्याणीबरोबर!"

*

मग मी पाळकांनाच घरी आणलं. म्हटलं, समोरासमोर होऊन जाऊ दे एकदाचं.

"ताई, प्रभू मनात येतो," ते म्हणाले. "पावात नाही."

"मनात सगळ्यांच्याच येतो," आई म्हणाली. "हातात कुणाच्या येतो?"

माझं डोकं सटकलं. "बाहेर माणसं उपाशी झोपतात, त्यांना कोण जेवू घालणार? आणि तुम्ही दोघं इथे..."

"तू गप गं!" दोघं एकदमच ओरडले.

पहिलं एकमत!

*

मागच्या रविवारी पाळक आमच्या मिस्सेला आले. पाहुणे म्हणून, बाकाच्या कडेला बसले. कम्युनियनची रांग सुरू झाली. आईने हात पुढे केला. फादरनी ठेवलेली नाण्याएवढी भाकर तिच्या तळव्यावरून निसटली आणि घरंगळत पाळकांच्या बाकाशी गेली.

आई जागीच थिजली. मागून रांग पुढे सरकत होती.

पाळक उठले आणि सरळ फरशीवर गुडघे टेकले. भाकरीला हात लावला नाही. दोन्ही तळव्यांचा तिच्याभोवती आडोसा केला आणि रांगेला म्हणाले, "थांबा. इथे पाय नका ठेवू."

फादर येऊन ती उचलेपर्यंत ते तसेच होते.

घरी परतल्यावर आई पायरीवर थांबली.

"पाळकांना विचार," ती म्हणाली, "मे महिन्यात त्यांना कधी सवड आहे."