ओली भाजी चालत नाही

आमच्या मेथीच्या जुड्या काकूंनी माझ्यादेखत गायीपुढं टाकल्या. क्रेट उपडा केला आणि हात झटकले. मी गेटाबाहेर उभी.

"धुतली का?" एवढंच विचारलं होतं त्यांनी. मी अभिमानानं म्हणाले, "होय काकू, दोनदा."

"अगं, सांगितलं होतं ना, मातीसकट आणायची म्हणून! तुमच्याकडचं कोरडं चालतं. ओलं नाही चालत."

काकू म्हणजे वस्तीपलीकडच्या कॉलनीतल्या अन्नदान मंडळाच्या अध्यक्ष. त्यांच्या बंगल्यामागं स्वयंपाक होतो आणि सरकारी दवाखान्यात पेशंटजवळ राहिलेल्या खेड्यापाड्यांतल्या लोकांना डबे जातात. भाजी आमची. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारामागं उकिरडा होता. आम्ही पोरापोरींनी काचा वेचल्या, कुदळ मारली, वाफे केले. मेथी, अंबाडी, चुका, वांगी. विकायची नाही, उपाशी माणसाला द्यायची, असं ठरलेलं. कॉलेजच्या आधी मी रोज तिथं.

पहिल्याच दिवशी काकूंनी बजावलं होतं, "धुऊबिऊ नका हं. माती असली की भाजी टिकते." मला वाटलं, केवढी जाण आहे बाईंना! मी वस्तीभर कौतुक सांगत फिरले. त्या दिवशी मात्र मुळांना चिखल फार होता, म्हणून आईनं पिण्याच्या घागरीतलं पाणी काढून जुड्या धुतल्या. सोलापुरात नळाची किती वाट बघावी लागते, ते सोलापूरकराला सांगायला नको. स्वतःच्या घशाचं पाणी तिनं दुसऱ्याच्या भाजीवर ओतलं. त्या पाण्यानं यांचं स्वयंपाकघर बाटतं!

काय शास्त्र आहे बघा. आमच्या उकिरड्याची माती चालते. आमचा घाम चालतो, कारण तो वाळतो. पाणी लागलं की संपलं. गायीनं तीच मेथी खाल्ली तर मात्र चालते, आणि त्या गायीचं दूध सकाळी काकूंच्या चहात. आमच्या वांग्यांचे फोटो 'आमच्या मंडळाची सेंद्रिय भाजी' म्हणून यांच्या मोबाईलवर. वरून कीर्तन, आतून तमाशा. मला रडू येईल असं वाटलं होतं. आली ती किळस.

घरी आईला सांगितलं. तिनं घागरीवर झाकण ठेवलं.

"दे की मातीसकट. आपलं काय जातंय? लोकाच्या पोटात तर पडंल."

आईचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. भाजी थांबवली तर उपाशी राहणार दवाखान्याच्या पायरीवरची माणसं. काकू थोड्याच उपाशी राहणार होत्या?

"आये, तुझ्या हाताला इटाळ मानून त्यांनी पुण्य कमवायचं व्हय?"

"मग करनार काय तू?"

"शिजवायचं. हितंच."

विहारापुढं चूल मांडली. घराघरातून भाकरी आल्या. दवाखान्याबाहेर पातेलं टेकवलं आणि वाढायच्या आधी मी मोठ्यानं सांगितलं, "ही भाजीभाकरी बौद्ध वस्तीतली हाय. आमच्या पाण्यात शिजलीया. कुणाला चालत नसंल तर आत्ताच सांगा."

करमाळ्याकडचा एक म्हातारा उठून गेला. बाकीचे बसून राहिले. कडेवर लेकरू घेतलेली एक बाई खेकसली, "वाढ की गं बाई! भाषण कसलं करतीस?"

मला हसू आलं. म्हाताऱ्याचं एक बरं, तो तोंडावर उठून गेला. माझी भाजी घेऊन मला गेटाबाहेर उभं करायची हुशारी त्याच्याकडं नव्हती.

मंडळाला भाजी कमी पडायला लागली तशी काकूंची गाडी वाफ्यांपाशी आली. त्या खाली उतरल्या नाहीत. काच अर्धी खाली केली.

"इतकं काय मनाला लावून घेतेस गं? पुन्हा सुरू कर की. चांगलं काम आहे."

"काकू, भाजी पाहिजे तर खाली उतरा. आमच्या नळावर धुवा, आमच्या विळीवर चिरा आणि पहिला घास आमच्या पंक्तीत बसून खा. मग न्या."

त्यांनी आईकडं पाहिलं. समजूत घालेल असं वाटलं असावं. आई वांगी तोडत राहिली. काच वर गेली.

जाऊ दे. आमच्या हातचं घ्यायचं तर आता पाण्यासकट घ्यायचं. सवलत नाही. कुणालाच नाही.