एका पानाचा अहवाल

राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं, आणि आमच्या विद्यापीठाला आंतरराष्ट्रीय अध्ययनाचं केंद्र मिळालं. सगळ्या जगाचा अभ्यास करायला दोन खोल्या, एक नकाशा, एक प्रमुख, एक कंत्राटी प्राध्यापिका आणि मी, कार्यालय सहायक. अनुदान सरकारचं, म्हणून प्रत्येक कार्यक्रमाचा अहवाल मंत्रालयात जायचा. तो एकाच पानात बसवायचा, हा प्रमुखांचा नियम. “साहब लोग पन्ना नहीं पलटते,” ते म्हणायचे. यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

ते पान कसं भरायचं हे मला पाठ होतं. दीपप्रज्वलन कोणी केलं, कोणी कोणाला हार घातला, मंत्र्यांच्या वतीने कोण आलं, त्यांच्याबरोबर कोण आलं, सगळं हुद्द्यांसकट. एखादा हुद्दा सुटला तर संध्याकाळच्या आत फोन यायचा. व्याख्यानाबद्दल मात्र कधीच कोणाचा फोन आला नाही.

प्राध्यापिका आमच्याच विदर्भाकडची, वडील रायपूरलगतच्या उरला भागातल्या रोलिंग मिलमधून घरी बसलेले. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, तरी मी तिला ताई म्हणायचो आणि ती मला भाऊ. तिचं कंत्राट दरवर्षी नवं व्हायचं, आणि घर तिच्याच पगारावर चालायचं. त्या वर्षी ती शेजारी देशाशी असलेल्या नदीच्या पाण्याच्या भांडणावर बोलली. पहिला अर्धा तास त्या देशाचं म्हणणं काय ते सांगितलं. दुसरा अर्धा तास आपलं म्हणणं, आणि त्यांचं कुठे चुकतं ते. मी वहीत सगळं उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी अहवाल लिहायला बसलो, तर हारतुऱ्यांमध्येच पान संपत आलं. उरल्या नऊ ओळी. त्यात पहिला अर्धा तास कसाबसा मावला. खाली ‘आभारप्रदर्शनानंतर राष्ट्रगीताने सांगता’ असं लिहिलं आणि प्रमुखांची सही घेतली. मी तो परत वाचूनही पाहिला नाही.

मग सरकार बदललं. नव्या लोकांनी जुने अहवाल मागवले, आणि आमचं लिखाण पहिल्यांदाच कोणीतरी वाचलं. सरकारी पैशावर परक्या देशाची तरफदारी चालते, अशी तक्रार झाली. चौकशी समिती नेमली. व्याख्यानाला चाळीस मुलं बसली होती, पण कागद असताना मुलांना कोण विचारतं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. प्रमुख सांगू लागले की त्यांनी तिला आधीच टोकलं होतं.

ताई माझ्या टेबलाशी आली. “भाऊ, म्या तं दोन्ही बाजू सांगितल्या होत्या. तुमच्या वहीत असन ना सगळं?”

“असन,” मी म्हणालो.

“मंग थे वही दाखवा समितीले. नाही तं माह्यं काही खरं नाही.”

“शोधतो.”

वही माझ्या टेबलाच्या खणात होती. मला उठावंसुद्धा लागलं नसतं. पण मला कायम करण्याची फाइल त्याच महिन्यात प्रमुखांकडे सहीला होती, आणि ते जाता जाता एवढंच बोलले होते, “जितना पूछें, उतना ही बोलिए.” मग मी तीन दिवस कपाटं उघडली आणि लावली. जुने गठ्ठे काढले. ताईही शेजारी जमिनीवर बसून दोऱ्या सोडायची, धुळीने शिंकायची, पुन्हा पुढचा गठ्ठा घ्यायची. मला लाज वाटायला हवी होती. पायाला मुंग्या आल्या की चिमटा काढलेलाही कळत नाही, तसं झालं होतं. दुपारी मी डबा खाल्ला, तिलाही भाजी दिली.

समितीत तीन अधिकारी होते. मधल्याने पान माझ्यासमोर धरलं. “आपने लिखा है?”

“जी.”

“जो कहा गया, वही लिखा?”

“जी, वही लिखा.”

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ताई समोरच बसली होती. मी आणखी काही बोलेन म्हणून ती माझ्याकडे पाहत राहिली. मग चहा आला.

तिचं कंत्राट पुन्हा झालं नाही. यापुढे प्रत्येक वक्त्याने भाषण आधी लिहून मंजूर करून घ्यावं, म्हणजे संतुलन राहील, अशी शिफारस समितीने केली. दोन आठवड्यांनी मी कायम झालो. घरी पेढे आणले, मीही एक खाल्ला. गोड होता.

शेवटच्या दिवशी ताईची आई पुस्तकं न्यायला मदतीला आली. ताईने ओळख करून दिली. “आई, हे भाऊ. सगळ्यांनी हात वर केले. हे एकटेच माह्यासाठी तीन दिवस धुळीत शोधून राहिले होते.”

आईने मला हात जोडले. “तुमच्यासारखे माणसं कमीच राहतात, बावा.”

“त्यात काय एवढं,” मी म्हणालो, आणि पुस्तकांचा गठ्ठा उचलून रिक्षापर्यंत नेऊन दिला.