कोरड्या धोतरांचा हिशेब

पडावाच्या होडीतून वाळूवर आलेल्या माणसाला दाजीकाका रामराम करण्याआधी वाकून त्याच्या धोतराचा काठ चाचपायचे. पाहुणा मामलेदार असो की भिक्षुक, सुटका नव्हती. काठ कोरडा लागला की त्यांची कळी खुलायची आणि मगच ते “प्रवास बरा झाला ना?” असं विचारायचे. नवख्याला वाटे, गृहस्थ कापडाचा व्यापारी असावा.

ते आमच्या श्रीवर्धनला आगबोट कंपनीचे एजंट होते. १९३०च्या सुमाराची गोष्ट. बंदराला धक्का नव्हता. आगबोट दूर खोल पाण्यात उभी राही. उतारू पडावात बसून काठाजवळ येत आणि शेवटचा टप्पा कोळ्यांच्या खांद्यावरून पार करत. माझ्या वाडीतली सुपारी त्याच वाटेनं मुंबईला जाई, त्यामुळे माझा निम्मा जन्म दाजीकाकांच्या कचेरीतल्या बाकावर गेला.

एके वर्षी कंपनीनं कळवलं, तुमच्या बंदरात बोट फार खोळंबते, सुधारणा झाली नाही तर थांबा बंद. आमच्या तोंडचं पाणी पळालं. बोट गेली की सुपारी बैलगाड्यांतून म्हसळ्याकडे धाडावी लागणार आणि वाटेतच अर्धा नफा संपणार. दाजीकाकांनी घड्याळ काढलं आणि जाहीर केलं, ज्याचा पडाव सर्वांत लवकर रिकामा होईल त्या तांडेलाला, म्हणजे पडावाच्या म्होरक्याला, होळीला नवा रुमाल.

पडाव जे सुटले ते विचारू नका. खांदा देण्यात वेळ जातो, म्हणून कोळी माणसांना कमरेएवढ्या पाण्यात उतरवून माघारी वळू लागले. आमचे भटजी पंचांगासकट भिजले. मुलगी बघायला आलेला एक उपवर मुलगा शिंकत शिंकत परत गेला, आणि मुलीचा बाप पुढे वर्षभर दाजीकाकांशी बोलला नाही.

मग सुरू झाली ती धोतरांची तपासणी. आता रुमाल कोरड्या उतारूंवर ठरणार होता. पडाव लगेच गोगलगाय झाले. शेवटी पोशा तांडेल कचेरीच्या पायरीवर येऊन बसला.

“दाजी, तुमाना बेगीन पायजे का सुकं पायजे? एक काय तं सांगा.”

तो गेल्यावर दाजीकाका बराच वेळ हसत होते. मला म्हणाले, “अरे, आपण जे मोजतो तेवढंच माणसं देतात, बाकीचं समुद्रात टाकतात. मोजणाऱ्यानं आधी आपली अक्कल मोजावी.”

दुसऱ्या दिवशी ते स्वतः पडावात बसून आगबोटीपर्यंत गेले. खोळंबा वल्ह्यांत नव्हताच. बोटीला शिडी एक. तिच्यावरूनच माणसं उतरायची, तिच्यावरूनच चढायची आणि मध्येच सुपारीची पोती अडायची. त्यांनी कंपनीकडे दुसरी शिडी मागितली. शिडीऐवजी मुंबईहून साहेब आला, हातात घड्याळ घेऊन. शिडीबद्दल एक अक्षर ऐकायला तो तयार नव्हता. किती वेळ लागतो तेवढं तो मोजणार होता. थांब्याचा निकाल त्याच्याच हाती होता.

दाजीकाकांनी पोशाला एवढंच सांगितलं, की साहेब फक्त वेळ मोजतो, तर त्याचा वेळच वाचव. पोशानं साहेबाला अलगद उचललं, कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं आणि पडाव वळवला. साहेबाचं घड्याळ खाऱ्या पाण्यात बंद पडलं.

“साहेब,” दाजीकाका नम्रपणे म्हणाले, “इतक्या लवकर इथे आजवर कोणी उतरलं नाही. फक्त असा उतरलेला माणूस पुन्हा आपल्या बोटीत बसत नाही.”

महिन्याभरात दुसरी शिडी आली आणि थांबाही टिकला. त्याच टपालानं दाजीकाकांची बदली रत्नागिरीकडच्या कुठल्याशा आडबंदरी झाली.

निरोपाला अख्खं गाव किनाऱ्यावर होतं. मी आगबोटीपर्यंत त्यांच्यासोबत गेलो. पोशा वल्हं जेमतेम पाण्याला लावत होता. आगबोटीचा भोंगा झाला, पुन्हा झाला. काहीतरी बोलायचं म्हणून मी उगाच म्हटलं, “काका, तुमच्यामुळे बोट खोळंबली.”

“खोळंबू दे,” ते किनाऱ्याकडे बघत म्हणाले. “आज मी एजंट नाही, उतारू आहे.”