एक्केचाळीस जोड पावलं

मुलीच्या लग्नात टेबल-खुर्चीच्या पंगतीत भगवानराव वाकत वाकत फिरताना दिसले. पाहुण्यांना वाटलं, नवरीचा बाप एकेकाच्या पाया पडतोय. दोन-चार म्हातारे आशीर्वादही देऊन मोकळे झाले. प्रत्यक्षात भगवानराव माणसं मोजत होते.

"डोकी फसवतात," त्यांनी मला समजावलं. "कुठं फेटा असतो, कुठं गाठोडं असतं. पावलं बराबर सांगतात."

तेहतीस वर्षं ते परतूरला एसटीचे कंडक्टर होते आणि मी त्यांचा शेजारी. त्यांच्या पत्नी कौसाबाई माहेरी वडीगोद्रीला जायच्या त्या नवऱ्याच्याच गाडीने. त्या बसलेल्या, हे उभे. "एकदाबी माझ्या शेजारी बसले न्हाईत," कौसाबाई आमच्या सौ.ला सांगायच्या. "माझं तिकीट फाडायचे, अन् पुढं सरका म्हणायचे."

भगवानराव निवृत्त झाले आणि पुण्याच्या मुलाने दोघांचं नाव युरोपच्या बस-सहलीत घातलं. शेजाऱ्यांनी आल्प्स बघावा आणि आपण मोंढ्याच्या बाजारातल्या कापसाच्या गाड्या बघाव्यात, हे आमच्या सौ.ला मंजूर नव्हतं. आम्हीही निघालो.

विमानात बसण्यापूर्वी कौसाबाईंनी अट घातली. "मला युरोप-बिरोप काही न्हाई. पंधरा दिवस बसमध्ये माझ्याजवळ बसायचं. मोजायला उठलात तर मी त्या आयफेल टॉवरच्या खाली बसून राहीन. वर येणार न्हाई."

"बिलकुल उठत न्हाई," भगवानराव म्हणाले.

आता सहल म्हणजे काय सुख होतं! सकाळी कुणीतरी उठवायचं, पेट्या कुणीतरी उचलायच्या, गाडी दाराशी हजर. परतूरच्या माणसाला एवढा मान लग्नात नवरदेव झाल्यावरच मिळतो. भगवानरावांना मात्र एकच त्रास होता. गाईड मॅडम पुढे उभ्या राहून बोटाने डोकी मोजू लागल्या, की मागच्या सीटवर यांची बोटं मांडीवर वाजू लागायची. कौसाबाई त्यांवर हात ठेवायच्या. पॅरिस असं निभावलं.

स्वित्झर्लंडमध्ये एका पेट्रोल पंपावर गाडी थांबली. पुढची हकिकत मला कौसाबाईंनी सांगितली, कारण मी गाडीत नव्हतोच. तिथल्या दुकानात मी गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवून बघत होतो. माझ्या सीटच्या पाठीवर माझा ओव्हरकोट होता, वर माझी टोपी. मॅडमनी टोपीला माणूस धरलं आणि म्हणाल्या, "एक्केचाळीस. चला." सौ. पुढे बायकांच्या घोळक्यात होती. मी मागे घोरत असणार, हा तिचा अनुभवाचा अंदाज.

गाडी हलली तशी भगवानरावांनी मुद्दाम रुमाल खाली टाकला, वाकले, आणि सीटांखालून नजर फिरवून वर आले.

"चाळीस," ते पुटपुटले.

"गप बसा," कौसाबाई म्हणाल्या.

"बसतो. पण एक माणूस राह्यला."

कौसाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. उठले की हे पुन्हा कंडक्टर होणार आणि शेजारची सीट रिकामी पडणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. क्षणभर त्यांनी नवऱ्याचा हात घट्ट धरला, मग सोडला.

"उठा. शेजारधर्म हाये."

भगवानराव उठले आणि सामानाच्या दांडीवर हातातलं कडं टक्कन एकदा वाजवलं. आपल्याकडे एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ड्रायव्हर इटलीचा, पण आवारातून बाहेर वळणारी गाडी त्याने जागच्या जागी उभी केली. मागून मी घंटा वाजवत धावत येतच होतो. मी चढलो, टक टक दोनदा वाजलं, गाडी निघाली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी प्रवाशांची यादीच पुढे केली. "काका, आजपासून तुम्हीच मोजा."

यादीकडे हात जाईलसं वाटलं. कौसाबाई खिडकीबाहेर बघू लागल्या होत्या.

"न्हाई मॅडम," भगवानराव म्हणाले. "तुम्हीच मोजा. फक्त पावलं मोजा. मी प्यासेंजर हाये." आणि ते जाऊन कौसाबाईंच्या शेजारी बसले.

दहा मिनिटांत त्यांची मान बायकोच्या खांद्यावर कलली. बाहेर बर्फाचे डोंगर आले, बसभर कॅमेरे निघाले. एवढा खर्च करून आलेला माणूस झोपलेला बघून मी त्यांना हलवायला वाकलो.

कौसाबाईंनी माझा हात बाजूला केला. "राहू द्या भाऊजी. तेहतीस वर्षं उभे होते."

आणि आख्खा आल्प्स खिडकीतून सरकत असताना ती बाई खांदा तसूभर न हलवता, जिंकून आल्यासारखी बसून राहिली.